कुरडयांच्या दिवसांत समुद्र

वाशीमहून समुद्रावर जायचं तर कोणतीही वाट धरा, निम्म्याहून अधिक महाराष्ट्र आडवा पार करावा लागतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन, तूर आणि हरभऱ्यावर जगतो. इथल्या घरांच्या सुट्टीच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या आहेत: शेगाव, पोहरादेवी, कारंज्याचं गुरुमंदिर, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, लेकीबाळींचं माहेर आणि पोरांच्या मामाचं गाव. अलीकडे त्यात समुद्रकाठच्या रिसॉर्टची भर पडली आहे आणि त्यावरून घराघरांत वाद होतात. कुणाला तारकर्ली हवी असते, कुणाला गोवा. ज्यांचे भाचे-पुतणे अमेरिकेत आहेत त्यांच्या मोबाइलवर थेट जमैकाचे फोटो येतात.

पुढचे वहिनी आणि भाऊजी कुणी एक नव्हेत. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि धाकटे दीर घरची शेती पाहणारे, अशी घरं मालेगाव-रिसोड भागात कितीतरी आहेत. अशा घरांत ऐकलेलं मी या दोघांच्या तोंडी एकत्र केलं आहे. माझा कल वहिनींकडे आहे, हे आधीच सांगतो. पण भाऊजींचे काही प्रश्न असे आहेत की ते टाळून पुढे जाता येत नाही.

भाऊजी: वहिनी, भाच्यानं पाठवलेले फोटो पाहिले. निळं पाणी, पांढरी वाळू. मनगटाला पट्टा बांधला की दिवसभर खा, प्या, कुणी पैसे मागत नाही. त्याला तिकडे परवडतं, त्यानं जावं. आपण तारकर्लीच्या रिसॉर्टला फोन केला, तर तो एका खोलीचे रात्रीला सहा हजार सांगतो. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे एक रात्र झोपायला क्विंटलभराहून जास्त सोयाबीन. दोन खोल्या, चार रात्री धरा, नऊ क्विंटल झालं. चांगल्या सालातही आपल्या एकरात एवढं होत नाही. आणि हमीभाव हातात पडतो का, ते मोंढ्यात जाऊन विचारा.

वहिनी: तुम्ही सोयाबीनमध्ये हिशोब मांडला, मी कुरडयांमध्ये मांडते. मे महिन्यात तुमची तूर-हरभरा निघालेली असते, मृगाला अवकाश असतो. पारावर बसायला वेळ मिळतो. माझीही शाळा सुटलेली असते. पण त्याच दिवसांत घरात वाळवणाचं काम निघतं. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचा, चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे चारला उठून वरचं पाणी काढून चुलीवर पातेलं चढवायचं आणि हाटत राहायचं. हात थांबला की गाठी झाल्याच. ऊन चढायच्या आत गच्चीवर सगळ्या कुरडया पडल्या पाहिजेत. गरम चीक सोऱ्यात भरताना तळहात पोळतो, पण थांबता येत नाही, कारण गार चीक सोऱ्यातून उतरत नाही. कुरडया झाल्या की पापड, मग सांडगे, शेवया, वर्षाचं तिखट, हळद. हे उरकतं तोवर शाळेची घंटा वाजायला आलेली असते. माझी उन्हाळी सुट्टी कागदावर आहे, भाऊजी. अंगाला ती कधी लागली नाही.

भाऊजी: काहून करता मग? आता बचत गटाच्या बाया करतात. विकत मिळतात.

वहिनी: मिळतात. मागच्या वर्षी आणल्या होत्या. पहिल्याच घासाला घरच्यासारख्या नाहीत म्हणून कोण बोललं होतं?

यावर भाऊजी गप्प बसतात आणि बरेचसे भाऊजी इथे गप्पच बसतील. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामाचा हिशोब आहे. हे काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष त्याला हात लावतात त्यांची ८८. पावणेपाच तास आणि दीड तासाच्या आतबाहेर, असा हा फरक आहे. नोकरी, शेतावरची निंदणी, कापूस वेचणी हे सगळं त्याखेरीज. एवढं काम रोजचं असेल तर चार दिवस आयतं ताट मिळावं ही इच्छा चैनीत मोडत नाही. अंगाची ती गरज आहे.

भाऊजी: विश्रांती नको असं मी म्हणत नाही. पण त्यासाठी समुद्रच काहून? शेगावला चला. भक्तनिवासात खोली घ्या, स्वच्छ, माफक दरात. महाप्रसाद आहे. खारं पाणीच पाहायचं असेल तर रिसोडहून पुढे लोणार आहे, उल्केच्या आघातानं झालेलं, जगभरचे लोक पाहायला येतात. २०२०मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. पोरांना तेच नीट दाखवलेलं नाही आपण.

वहिनी: लोणार दाखवूच. त्याला एक दिवस पुरतो, संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक मीच करते. शेगावचं म्हणाल तर आपण जायच्या आदल्या रात्री मी आणि जाऊबाई बारा वाजेपर्यंत दशम्या भाजत असतो. ठेचा, लोणचं, पोरांचे कपडे, आईंच्या गोळ्या. पहाटे सगळ्यांना उठवून रांगेत उभं करायचं. परत आल्यावर धुण्याचा ढीग. दर्शनानं मन निवतं, त्यात खोटं नाही. पाठ मात्र तशीच असते. हो, एक सांगते. महाप्रसादाच्या पंगतीत बसले आणि वाढणाऱ्यानं माझ्यापुढे वाकून पोळी वाढली, तेव्हा बरं वाटलं. मला कुणी वाढतं आहे, मी उठायचं नाही, असं माझ्या वाट्याला तिथेच आलं.

भाऊजी: तेच तर सांगतो! तिथले सेवेकरी आपापल्या गावाहून पाळीपाळीनं येतात, पैसे न घेता राबतात. ती सेवा. रिसॉर्टातला पोरगा पाणी आणून देतो तो नोकरी म्हणून. त्याच्या हसण्याचेही पैसे बिलात लावलेले असतात.

वहिनी: मग घरात मी वाढते ते कशात धरता? सेवेत की नोकरीत? सेवा म्हणावी तर कुणी पाया पडत नाही, नोकरी म्हणावी तर पगार नाही. आपल्याकडे बैलालासुद्धा सुट्टी असते, भाऊजी. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकता, लोणी-हळद चोळता, जेवायचं आवतण देता. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. त्याच दिवशी सकाळपासून चुलीपुढे पुरण कोण वाटतं?

पोळ्याची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राबणाऱ्याला विसावा द्यायचा, तो उपकार म्हणून नव्हे तर त्याचा मान म्हणून, ही समज आपल्या शेतकरी समाजात कायदे यायच्या कितीतरी आधीपासून आहे. पगारी सुट्टीचा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हात झाला १९३६मध्ये. त्याच वर्षी फ्रान्सच्या कामगारांनी संप करून दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळवली आणि कितीतरी कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्यानं कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवसाची पगारी रजा दिली. बैलाला आहे, गिरणी कामगाराला आहे, शिक्षिकेलाही आहे. घरच्या बाईसाठी ना सण ना कायदा. तिला पूर्वापार एकच सोय होती, माहेर.

भाऊजी: माहेराचं काय मग? आखाजीला लेकी येतातच की. आमची ताई आली की आठ दिवस तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही आई.

वहिनी: आई करू देत नाहीत, आणि ते आठ दिवस ताईंचं काम कोण करतं? मी आणि जाऊबाई. मी माहेरी जाते तेव्हा माझी वहिनी राबते. आई होती तोवर मी खाटेवर पडून राहायचे. आता वहिनीचं तोंड पाहिलं की आपसूक उठून भांडी घासायला बसते. बायकांच्या विसाव्याची ही अशी अदलाबदल चालते. एकीनं बसायचं तर दुसरीनं उभं राहायचं. मला चार दिवस असे हवेत की मी, जाऊबाई, ताई, आम्ही तिघीही एकाच वेळी बसलेल्या असू.

इथे भाऊजी हरले असं वाचकाला वाटेल. पण त्यांचा खरा मुद्दा अजून यायचा आहे. तो पैशांचा नाही.

भाऊजी: तुम्ही बसाल, पण कुणीतरी उभं राहीलच ना? भाच्याच्या फोटोत ट्रे घेऊन उभी असलेली माणसं पाहिली का? मी त्या बेटांबद्दल थोडं वाचलं आहे. आमचे बाबा १९७१च्या दौऱ्याच्या गोष्टी सांगायचे. वाडेकर कप्तान, नवखा गावस्कर, चार कसोटींत ७७४ धावा, पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजवर आपला पहिला विजय. आणि त्या मैदानांवर भारताच्या बाजूनं ओरडणारी माणसं होती, ती कुठून आली? १८४५च्या मे महिन्यात ‘फतेल रझाक’ जहाजातून मजुरांची पहिली तुकडी त्रिनिदादला उतरली. गुलामगिरी संपली म्हणून उसाच्या मळ्यांना करारावरचे मजूर हवे होते. १९१७पर्यंत हे चाललं. ऊस गेला, आता त्याच बेटांवर रिसॉर्ट आहेत. जमैकात १९५६चा किनारा नियंत्रण कायदा आहे. त्यानं किनारपट्टी सरकारच्या ताब्यात गेली आणि सामान्य माणसाला तिथे यायचा, पोहायचा सरसकट हक्क मिळाला नाही. रिसॉर्टवाल्यानं परवाना घेऊन कुंपण घातलं की गावातल्या कोळ्याला वाळूत पाय ठेवायची चोरी. बार्बाडोसमध्ये तसं नाही, तिथे सगळे किनारे लोकांचे आहेत. पण जमैकाच्या त्या कुंपणाआडचा निवांतपणा मला पचत नाही. माझ्या बांधावर उद्या असं कुणी केलं तर?

वहिनी: हे बरोबर बोललात. मला एवढं ठाऊक नव्हतं. पण मी जमैकाला जायचं म्हणतच नाही. आपल्याकडे १९९१च्या सीआरझेड अधिसूचनेपासून भरतीरेषेच्या आतल्या पाचशे मीटरांत बांधकामावर निर्बंध आहेत, आणि वाळूवर चालायला कुणाची परवानगी लागत नाही. तारकर्लीत रिसॉर्टासमोरच्या वाळूतच पहाटे रापण ओढतात. आमच्या शाळेतल्या बाई जाऊन आल्या, त्यांनी सांगितलं. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन टोळ्या धरतात आणि तासन्‌तास ओढत आणतात. ज्यानं ओढलं त्याला मासळीत वाटा.

भाऊजी: म्हणजे आपल्या इर्जिकेसारखं.

वहिनी: तसंच काहीतरी. आता तुम्हालाच पाहावंसं वाटायला लागलं!

रापणीचं नाव निघाल्यावर भाऊजींचा सूर बदलला, हे मी अनेक शेतकऱ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. ज्याला रिकामं बसायची सवय नाही त्याला समुद्राचं काय करायचं ते कळत नाही. दुसऱ्याचं काम पाहायला मिळालं की त्याचा जीव रमतो. अशा माणसाला ‘काहीच न करता पडून राहा’ असं सांगणं म्हणजे शिक्षाच. रिसॉर्टच्या जाहिरातीत आरामखुर्ची असते, कारण ती खुर्ची युद्धानं थकलेल्या युरोपातल्या शहरी माणसासाठी सुरू झाली. १९५०मध्ये मायोर्का बेटावर क्लब मेडनं तंबू ठोकून सगळं एकाच पैशात द्यायची पद्धत आणली, तीच पुढे कॅरिबियनात फोफावली. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची सुट्टी तशीच्या तशी त्यात बसणार नाही. आणि तो म्हणतो ते कुंपणाचं दुखणं खरं आहे. विसावा विकत घ्यायला हरकत नाही, पण कुणाची तरी वाट अडवून मिळालेला विसावा घेऊ नये.

भाऊजी: मग एक करू. रिसॉर्ट नको, पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेतलं घर घेऊ. सिंधुदुर्ग १९९७मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून तिकडे घरोघरी खोल्या निघाल्या आहेत. देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथवर, अशी घरं आहेत. पैसा त्या घरात राहील. खर्चही निम्म्यावर येईल.

वहिनी: चालेल. आंबोळी, सोलकढी, आयतं ताट.

भाऊजी: पण आता मी विचारतो. त्या घरात रांधणार कोण? त्या घरची बाईच ना? तुम्ही तिघी बसाल आणि ती उभी राहील. मघाशी माहेराबद्दल तुम्ही बोललात तेच झालं हे.

वहिनी: नाही. फरक आहे. ती ताटाचे पैसे सांगेल आणि तुमचे दादा ते मोजून देतील. तिच्या आंबोळीला किंमत आहे, ती पावतीवर लिहिलेली असते. माझ्या कुरडयांची पावती कधी कुणी फाडली? मला तिच्या कामाची लाज वाटत नाही, मला वाटतं तिच्याकडून शिकावं. आणि मी उठून तिची भांडी घासणार नाही, पण ताट उचलून नेऊन ठेवीन, आणि तुम्हीही ठेवाल.

भाऊजी: ठेवीन. तिला सुट्टी कधी, ते मात्र राहिलंच.

वहिनी: पावसाळ्यात पाहुणे नसतात. मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत तिकडे बोटी, स्कूबा सगळं बंद. पण तेव्हा तिची भातलावणी असणार. म्हणजे तिलाही नाहीच, खरं आहे तुमचं. म्हणूनच आपल्याला मेच्या विसाच्या आत निघायला हवं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीकडे उघडतात म्हणून आपण जूनवर टाकतो, आणि तेव्हा ना तिकडे समुद्रात उतरता येतं, ना इकडे पेरणी सोडून निघता येतं. मी सरकारी प्रवास सवलतीचा अर्जही काढून ठेवला आहे. महाराष्ट्र दर्शनाला चार वर्षांतून एकदा भाडं मिळतं. नोकरीला लागल्यापासून एकदाही घेतलं नाही, कारण घरातून सगळ्यांनी एकत्र निघायचं कधी ठरलंच नाही.

हा अर्ज पाहून भाऊजी विरघळतात. हक्काची गोष्ट वाया गेलेली शेतकऱ्याला बघवत नाही. पण त्यांनी कोकणातल्या बाईच्या सुट्टीचा जो प्रश्न काढला, तो त्यांच्या स्वतःच्या अंगणात येऊन उभा राहतो, आणि तो आणतात वहिनी.

वहिनी: त्या बाईच्या सुट्टीची काळजी तुम्हाला वाटली, बरं झालं. मग आपल्या सालगड्याचं काय? आपण गेल्यावर गोठा, मोटार, रात्रीची राखण सगळं तोच पाहणार.

भाऊजी: पाडव्याला साल ठरतं तेव्हा सुट्टीचं काही बोलणं होत नाही. पोळा, आखाजी, दिवाळीचे दोन दिवस. बाकी नाही आला तर खाडा.

वहिनी: बाकी खाडा. आणि त्याची बायको रोज शेण काढते, तिचं तर सालही ठरत नाही. तुम्ही जमैकाच्या ट्रेवाल्यांसाठी बोललात, मला पटलं. आता इथलं बोला.

भाऊजी: आपण आलो की त्याला चार दिवस बिनखाड्याचे देऊ.

वहिनी: आपण जाऊन-येऊन सहा दिवस घेतो आहे.

भाऊजी: सहा? मृगाच्या तोंडावर? पेरणीची तयारी असते, वहिनी.

वहिनी: म्हणूनच विसाच्या आत जाऊन यायचं. पंचविसाला तो आणि त्याची बायको सुटले तर महिनाअखेरीला परत येतील. सहा दिवस दोघांनाही, आणि हातात थोडे पैसे. शेगावला जातील, सासुरवाडीला जातील, घरी झोपून राहतील, त्यांचं ते बघतील.

भाऊजी: आणि तेवढे दिवस गोठा कोण पाहणार?

वहिनी: तुम्ही आणि तुमचे दादा. धारा तुम्हाला काढता येतात. शेणाचं त्यांना मी शिकवते.